ओली रेघ

गॅलरीचा बहुतेक भाग वाळला होता. लादी बसवायच्या आधी स्लॅब धुऊन घेतात, तसा तो सकाळी धुतला होता आणि आता उन्हाने कडेकडून पाणी उचलायला सुरुवात केली होती. आधी कठड्याजवळची पट्टी पांढुरकी झाली, मग मधला भाग, मग दोन-तीन खळग्यांत साचलेलं पाणी आक्रसत आक्रसत नाण्याएवढं होऊन नाहीसं झालं. काँक्रीट वाळताना रंग एकदम बदलत नाही. आधी ते करडं होतं, मग राखेसारखं, मग त्या राखेत अगदी किंचित पिवळसरपणा येतो. ती दारात उभी राहून हे सगळं पाहत होती आणि आपण नक्की कशाची वाट पाहतो आहोत हे तिला ठाऊक होतं. सगळं वाळल्यावर एक रेघ तेवढी ओली राहिली. गॅलरी खोलीला सोडून जिथून पुढे हवेत निघते तिथे, उंबऱ्यापासून चार बोटांवर, भिंतीला समांतर. बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने ओढावी तशी. भेगेत शिरलेलं पाणी उन्हाला लवकर सापडत नाही. म्हणून भेग बघायची तर ओल्या जमिनीवर बघू नये, वाळत्या जमिनीवर बघावी. हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं, कामावर कळलं होतं. मागच्या खेपेला स्लॅब धुतला तेव्हा ही रेघ उंबऱ्याच्या मधल्या भागापुरतीच होती आणि तिच्या दोन्ही टोकांना तिने आडव्या खुणा करून ठेवल्या होत्या. आज त्या खुणा रेघेच्या पोटातच कुठेतरी होत्या. रेघ डावीकडे भिंतीला जाऊन भिडली होती, उजवीकडे पावसाच्या पाइपामागे शिरली होती. ती गुडघ्यांवर बसली, पर्समधून भिंग काढलं, रेघेवर धरलं आणि परत ठेवून दिलं. भिंगातून काही वेगळं दिसणार नव्हतं.

"बसू नका मॅडम, कपडे खराब होतील," ठेकेदार मागून म्हणाला. "उद्या लादीवाला येतो. मग बसा खुशाल पाय पसरून."

तिने रेघेकडे बोट केलं. तो वाकला, हेल्मेट काढून काखेत धरलं, डोळे बारीक केले. "ही? ही तर केसाएवढी आहे."

"आधी एवढी नव्हती."

"मॅडम, केसाचं दुःख मला सांगता?" त्याने आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "काँक्रीटला भेग आणि संसाराला कुरबुर, ह्याशिवाय कुठे काही उभं राहिलंय का? लादी पडली की रेघही दिसायची नाही आणि तुमचा जीवही टांगणीला लागायचा नाही."

ती हसली. त्याच्या विनोदांवर तिला नेहमी हसू येई, आणि हसून झाल्यावर आपण काहीतरी कबूल केलं आहे असं वाटत राही. तो वाईट माणूस नव्हता. सिमेंटमध्ये हात मारणारा नव्हता, मजुरांना बोलून दुखवणारा नव्हता. सरळ कपटी माणसाशी वागायची रीत तिला माहीत होती. तिच्या कामात ती पहिल्यांदा शिकवतात. बरा माणूस बऱ्या मनाने "चालतं हो" म्हणतो, तेव्हा काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

तिचं काम लोकांना समजावून सांगताना तिची नेहमी पंचाईत होई. ती बांधत नव्हती, आराखडाही काढत नव्हती. ज्याचं घर त्याच्या बाजूने उभी राहत होती. मालकाला बांधकामातलं काही कळत नसतं. त्याने आयुष्यात एकदाच घर बांधायला काढलेलं असतं, आणि समोरच्या सगळ्यांनी शंभरदा बांधलेलं असतं. म्हणून मालक तिला नेमायचा. काय काय बिघडू शकतं ते तिने आधीच ओळखायचं आणि एकेक धोका, तो ज्याला पेलेल त्याच्या खांद्यावर ठेवायचा. जमीन खचली तर कुणी बघायचं, माल कमअस्सल निघाला तर कुणी, आराखडा चुकला तर कुणी, आग लागली तर विमेवाल्यांनी. प्रत्येक धोक्यापुढे एक नाव. हे काम ती चोख करी. मालकाच्या डोक्यावरचं ओझं एकेक करून उतरत जाई आणि शेवटी मालक हलका होऊन पडद्यांचे रंग निवडू लागे. त्या नावांमध्ये तिचं स्वतःचं नाव कधीच नसे. तशी पद्धतच होती. वाटप करणाऱ्याने आपल्या पानात वाढून घ्यायचं नसतं.

ह्या घराच्या मालकिणी अकरा होत्या. सगळ्या निवृत्त नर्स. पैकी बोलायला येत त्या एकट्या मेट्रनबाई, कारण बाकीच्या दहाजणींना त्यांनी आयुष्यभर बोलू दिलं नव्हतं, असं त्या स्वतःच सांगत. कुणाचं लग्न झालेलं नव्हतं, कुणाचा नवरा उरला नव्हता, कुणाची मुलं दूर होती आणि दूरच बरी होती. सगळ्यांनी मिळून एक घर बांधायचं आणि एकमेकींच्या उशाशी एकमेकींनी बसायचं, असं ठरलं होतं. पहिल्या भेटीत मेट्रनबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, "तू बांधत नाहीस, नकाशाही काढत नाहीस. मग करतेस काय?"

"तुम्हाला जे आपलं आपण कळणार नाही, ते वेळेवर कळवते."

"म्हणजे नर्सच की गं!" मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, आणि काम तिला मिळालं होतं. मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं होतं. "ही गॅलरी मोठी हवी. बाकी खोल्या डब्याएवढ्या असल्या तरी चालतील. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्या उघडल्या आणि लावल्या. आता आम्हाला बाहेर बसायचंय." सगळ्यांत वयाने मोठी, जिला बाकीच्या नुसतं थोरली म्हणत, ती चाकाच्या खुर्चीत होती आणि दिवसेंदिवस कमी कमी होत चालली होती. तिच्यासाठी खाली उतार केला होता, लिफ्ट घेतली होती. राहायला येतील त्या दिवशी अकराहीजणींनी गॅलरीत कठड्याला टेकून उभं राहायचं, थोरली मध्ये, आणि फोटोवाला खाली रस्त्यावर, असं मेट्रनबाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तो दिवस आता तोंडावर आला होता. भाड्याच्या खोल्या सोडल्याचं सगळ्यांनी आपापल्या घरमालकांना कळवलं होतं.

अकराजणी कठड्याला टेकून. गॅलरीच्या नेमक्या त्या टोकाला, जिथे वजन सगळ्यांत जड पडतं.

साइटवरून निघताना तिच्या डोळ्यांपुढे होता तो एक बूट. रबरी, काळा, घोट्याशी फाटलेला. पुढे हवेत निघालेल्या गॅलरीला वरून ताण बसतो. म्हणून तिच्या सळया वरच्या अंगाला ठेवाव्या लागतात, खोलीच्या स्लॅबसारख्या खालच्या अंगाला नाही. सळयांची ती जाळी उंचावर नीट बांधलेली असते, पण काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरून चालतात, आणि प्रत्येक पावलाबरोबर ती थोडी थोडी खाली दबते. वरून काँक्रीट गुळगुळीत होतं. पुढे गॅलरी अगदी आराखड्यासारखी दिसते, फक्त जे वर असायला हवं ते खाली असतं. म्हणून चालण्यासाठी फळ्या टाकायच्या. गॅलरी ओतली त्या दिवशी तिने फळ्या टाकून घेतल्या होत्या. मग पलीकडे खोलीत फळ्या कमी पडल्या, इकडच्या तिकडे गेल्या, आणि मिक्सरच्या खडखडाटात तिने तो बूट जाळीवर दाबला जाताना पाहिला. जाळी गादीसारखी दबली आणि पूर्ण वर आली नाही. "उचला, जाळी उचला," ती म्हणाली. म्हणजे तिचे ओठ तरी तसे हलले. तिचा आवाज मुळातच लहान. घरात आता सगळ्यांचेच आवाज लहान. ठेकेदाराने वळून अंगठा वर केला, "उचलली मॅडम," आणि राखाडी लगदा सळयांवरून सरकत गेला. एखादं पांघरूण ओढावं तसा. तो थांबवता आला असता. पण 'उचलली' असं ज्याच्या जबाबदारीचं काम होतं त्याने सांगितलं होतं, आणि त्या धोक्यापुढे त्याचंच नाव होतं.

रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा ती आराखडा करणाऱ्या सरांकडे गेली होती. ते तिचे कॉलेजातले सर. अजून तिला 'अगं' म्हणत. त्यांनी सळया शोधणारं यंत्र फिरवलं, मान हलवली. जाळी खाली गेलेली होती, कुठे कमी, कुठे जास्त. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. चष्मा कपाळावर सरकवला.

"उभी राहील," सर म्हणाले. "चार माणसं, दोन खुर्च्या, एखादी कुंडी. आरामात."

"आणि अकरा, सर?"

"अगं, अकरा जणी कशाला एकदम उभ्या राहताहेत?"

"फोटोसाठी."

"फोटो खोलीत काढा म्हणावं. उजेड चांगला असतो." मग जरा थांबून म्हणाले, "हे बघ, पाडणं सोपं नाही. पाडा, सळया पुन्हा जोडा, ओता, पिकू दे, टेकू ठेवा. आणि खालून खांब द्यावेत, तर खुर्चीचा उतारच अडतो. तू लक्ष ठेव. रेघ वाढते का बघ. अहवालात लिही, 'भाग निरीक्षणाखाली आहे.' मालकाला अर्धवट माहिती देणं हासुद्धा मालकाला धोकाच असतो, हे मीच तुला शिकवलंय ना?"

हे त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हापासून ती लक्ष ठेवत होती. सकाळी गारव्यात मोजायची, दुपारी तापल्यावर मोजायची, कारण काँक्रीट उन्हात फुगतं आणि भेग जरा मिटते. दोन्हींतला फरक काढायचा, तो वजा करायचा. मोजत असेपर्यंत तिला बरं वाटे. हाताला काम असे, डोळ्याला खूण असे, आणि आकडा आला की छातीतलं काहीतरी जागेवर बसे, दुसऱ्या सकाळपर्यंत. गेल्या काही दिवसांत ते जागेवर बसेनासं झालं होतं. जेवताना ती मध्येच उठे, पाणी प्यायला म्हणून, आणि पाणी न पिता परत येऊन बसे. फोन वाजला की मेट्रनबाईंचा असेल म्हणून ती तो वाजू देई आणि त्यांचा नसला की राग येई.

आज ती बसने न जाता चालत घरी निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वर गॅलऱ्याच गॅलऱ्या होत्या. ती त्या रोज पाहत नसे. आज मान खाली जाईना. एकीत वाळत घातलेल्या चादरी होत्या, एकीत एक म्हातारा बनियनवर बसून पायाची नखं कापत होता, एकीत जुनी कपाटं, सायकल, पाण्याची टाकी, सगळं रचून ठेवलेलं. एकीत दोन बायका कठड्यावर कोपरं टेकून बोलत होत्या, एक हसता हसता एवढी वाकली की तिचा चष्मा पडता पडता राहिला. खालून कुणी गेलं तर कुणी वर बघत नव्हतं आणि वरचं कुणी पायाखाली बघत नव्हतं. कुणी पाहिल्या होत्या ह्यांच्या सळया? कुणीतरी अंगठा वर करून 'उचलली' म्हणालं असेल, आणि कुणीतरी ते खरं धरून चाललं असेल. आणि बहुतेक ठिकाणी ते खरंच असणार. हाच तर घोळ होता. बहुतेक ठिकाणी काही होत नाही. न झालेल्या गोष्टीची आठवण राहत नाही, म्हणून माणसं 'चालतं' म्हणतात, आणि चालतंच.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. आईला आवाज नव्हता. म्हणजे कुजबुज होती, वाळक्या पानांवरून कुणी हळूहळू चालत यावं तशी. तेवढ्यावर तिचं सगळं भागे, टोमणेसुद्धा. "चालत आलीस," आई कुजबुजली.

"कशावरून?"

"मला आवाज नाही, कान आहेत. चप्पल थकलीय तुझी."

ती समोर बसली आणि शेंगा सोलू लागली. आईच्या गळ्यावर आडवी एक पांढुरकी रेघ होती, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली. ती लहानपणापासून पाहिलेली होती, म्हणून कधी पाहिली जात नव्हती. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत होते. काटेकोर माणूस. आईच्या गळ्याशी गाठ दिसू लागली तेव्हा त्यांनी ती घाबरून जाऊन लपवली नाही, की देवाच्या हवाली केली नाही. प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घरी आणला आणि दर रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, आईला खिडकीत बसवून गाठ मोजू लागले. आधी पितळी जबडे तळहातात धरून गरम करत, आईला थंड लागू नयेत म्हणून. मग एक डोळा मिटून बारीक रेघा वाचत. "वाढलेली नाही," म्हणत. किंवा "अगदी किंचित, पण ते आपल्या हाताच्या चुकीत बसतं." मग आई म्हणे, "झालं असेल मोजून तर चुलीकडे जाऊ का?" तेव्हा आईचा आवाज खणखणीत होता, शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाई. बाबा म्हणत, मोजलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही. हे वाक्य तिला फार आवडे. तिने विज्ञान घेतलं ते कदाचित त्या वाक्यामुळे. गाठ काढली तोवर ती आवाजाच्या नसेला वेढून बसली होती. जीव वाचला, नस गेली. नंतर बाबांनी कॅलिपर परत नेऊन दिला आणि रविवारी सकाळी ते उगाचच बाहेर जाऊ लागले.

"सांगितलंस मेट्रनबाईंना?" आई कुजबुजली.

"आज रेघ टोकाला गेली."

"मग सांगितलंस?"

"उद्या सकाळी गार असताना एकदा बघते. एकदाच. मग पक्का आकडा हातात असेल."

आईने एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले, साल बाजूला ठेवलं. "तुझे बाबा फार छान मोजायचे," आई म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. ती वर बघायला घाबरली. मग आईने खुर्ची जवळ ओढली. बरंच बोलायचं असलं की ती जवळ सरके. "त्यांनाच दोष देऊ नकोस. मला माहीत होतं. गिळताना कळायचं ना मला. पण ते इतकं हळुवार धरायचे ते यंत्र... वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू. आणि मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं गं त्यांनी. आवाज होता तेव्हा सांगितलं नाही, एवढंच." मग ती पुन्हा खुर्ची मागे सरकवत म्हणाली, "ऊठ, कुकर लाव. आकडे खाऊन पोट भरत नाही."

सकाळी तिने गारव्यात मोजलं नाही. म्हणजे मोजायला म्हणूनच लवकर गेली, पण लादीवाला तिच्याही आधी आला होता. त्याने गॅलरीवर दोरी बांधली होती, खोलीत माल कालवला होता, फावड्याचा खरखर आवाज रिकाम्या भिंतींवरून फिरत होता. लाद्यांचा ढीग उंबऱ्याशी, आणि पहिली लादी ओली करून भिंतीला टेकवलेली. दोरीची सावली रेघेच्या बाजूने पडली होती, बाजूने, आणि मग ऊन सरकलं तशी रेघेवरच. क्षणभर दोन्ही एक झाल्या आणि तिथे काही नव्हतंच असं वाटलं. ठेकेदार म्हणाला, "करू सुरू?" ती म्हणाली, "थांबा जरा." कशासाठी थांबायचं ते तिने सांगितलं नाही. सरांना फोन करावा का? सर म्हणतील, लक्ष ठेव. लादीखाली कसं लक्ष ठेवायचं? लादीखाली धोका कुणाच्याच खांद्यावर राहत नाही. तो तिथेच राहतो, ओलीसारखा, वाट पाहत. आणि एखाद्या दिवशी तो ज्यांच्यावर यायचा त्यांच्यावरच येतो, ज्यांच्या डोक्यावरून तो उतरवण्याचा तिला पगार मिळतो.

लिफ्टचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. मग चाकांचा. मेट्रनबाईंचा आवाज त्यांच्याही आधी खोलीत आला. "कुठे आहे आमची मोजपट्टी? बघ, मी कुणाला आणलंय. हिला काल रात्रभर चैन नाही. म्हणते, बसून बघते, नाहीतर तुम्ही मला मेल्यावर दाखवाल."

खुर्चीत थोरली होती, शालीत एवढीशी, पण केस नीट विंचरलेले आणि मांडीवर पर्स, भेटीला निघाल्यासारखी. तिने मान वर करून गॅलरीच्या दारातून दिसणारं आभाळ पाहिलं आणि तिचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"लादी नसली तरी चालेल," मेट्रनबाई म्हणाल्या, "दोन मिनिटं नेते बाहेर." आणि त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली.

दोघींच्या वजनाने काही होणार नव्हतं. हे तिला अंदाजाने नाही, आकड्यांत माहीत होतं. त्या बाहेर जातील, उन्हात बसतील, थोरली कठड्यावर हात ठेवेल, परत येतील. काही होणार नाही. आज नाही. दुपारपर्यंत लाद्या बसतील. तिला बाबांचे हात आठवले, पितळ गरम करणारे. चाक उंबऱ्याजवळ आलं तेव्हा ती दारात उभी होती. आपण तिथे कधी गेलो ते तिला कळलं नाही. दोन्ही हात तिने चौकटीला लावले होते आणि पाठीवर ऊन लागत होतं.

"काय गं?" मेट्रनबाई थांबल्या. "ओलं आहे का अजून?"

"बाहेर जायचं नाही."

ते फावड्याच्या खरखरीत बुडालं. तेवढंच, ओठ हलल्यासारखं. मेट्रनबाईंनी कान पुढे केला, "काय म्हणालीस?" आणि थोरली हसून तिच्याकडे बघत राहिली, लहान मुलीने वाट अडवावी तसं काहीसं समजून.

"फावडं थांबवा," ती म्हणाली. लादीवाल्याने वर पाहिलं. फावडं थांबलं. मग खोलीत कसलाच आवाज उरला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तिचा आवाज आला तो तिला ओळखूच आला नाही, शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल एवढा मोठा.

"ह्या गॅलरीच्या सळया खाली दबल्या आहेत. लादी लागणार नाही. ही पाडायची आहे."

"मॅडम," ठेकेदार पुढे आला, "काल तर आपलं..."

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला, वॉर्डात करत असतील तसा, आणि तो गप्प बसला. त्यांचा चेहरा बदलला होता. त्यावर राग नव्हता, तिथे एक सवय जागी झाली होती. त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला. थोरली पुन्हा आभाळाकडे बघत होती, आणि आता तिला ऐकू आलं होतं.

"पाडायची," मेट्रनबाई सावकाश म्हणाल्या. "आम्ही खोल्या सोडल्यात, पोरी. हिला किती दिवस आहेत ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. तर हे म्हणतंय कोण? तुमचे सर? की ते यंत्र?"

आढळून आलं आहे, असं म्हणता आलं असतं. निरीक्षणाखाली, असं म्हणता आलं असतं. तिने चौकटीवरचे हात काढले.

"मी म्हणते," ती म्हणाली. "पाडायची."